जळक्या क्लचचा वास

रिक्षा वसई फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. पुढच्या ट्रकच्या क्लचचा जळका वास आला. शेजारी हे बसले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून, फुगून. त्या वासासरशी मला हायवेवरची ती जुनी दुपार आठवली.

नवंकोरं लायसन्स होतं माझं. गाडी मी चालवत होते, बाजूला हे, मागे सासूबाई आणि नणंद. अचानक इंजिन नुसतंच गुरगुरायला लागलं. रेस दिली तरी गाडी ओढेना, एकही गिअर पडेना, आणि असाच जळका वास सुटला. मागून कंटेनर हॉर्न मारत होते. कशीबशी कडेला घेतली. गिअरबॉक्स खरखरतोय हे मी यांना आधी सांगितलं होतं, तेव्हा यांनी गाण्याचा आवाज वाढवला होता.

तेच हे खाली उतरून हसत म्हणाले, “बाईच्या हातात गाडी दिली की हेच होणार.” सासूबाईही हसल्या. वालीवच्या गॅरेजमध्ये आणि नंतर प्रत्येक लग्नकार्यात हा किस्सा रंगला. मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. कितीतरी वर्षं मलाही वाटायचं, चूक माझीच असेल.

आज सकाळी डॉक्टरांकडे निघताना यांनी किल्ली पुढे केली. “तू चालव ना.”

“बाईच्या हातात गाडी? नको हो,” म्हटलं, आणि रिक्षाला हात केला.