आरोपीचं स्टूल

“बॉनेट नंतर. आधी मले बसू द्या.”

कोणतीही गाडी गॅरेजात आली की काकाजींचं पहिलं वाक्य हे. मग ते चपला काढत, मागचं दार उघडत, पायाखालची मॅट गुंडाळून बाजूला ठेवत आणि ड्रायव्हरच्या मागे अनवाणी बसत. तळपाय गाडीच्या तळाला, डोळे मिटलेले. “चाल,” म्हणत. बडनेरा रोडवरून अशी गाडी जाताना तुम्ही पाहिली असती, तर तुम्हाला वाटलं असतं की कुणाचे तरी गुरुमहाराज निघाले आहेत. पांढऱ्या शर्टामुळे तर नक्कीच.

हो, पांढरा शर्ट. कडक इस्त्रीचा, आणि तो मेकॅनिकच्या अंगावर! त्यावर तेलाचा डाग मी कधीच पाहिला नाही आणि कितीतरी वर्षं त्या चमत्काराच्या धाकात होतो. मग कळलं की दुपारी ते जेवायला घरी जात, मस्त झोप काढत आणि उन्हं कलल्यावर दुसरा शर्ट घालून परत येत. तोवर गॅरेजला कुलूप. “दुपारी गाडी आजारी पडत नसते,” हे त्यांचं शास्त्र. ही झोप लक्षात ठेवा. पुढे तिला साक्षीला बोलवायचं आहे.

मी औषधांच्या कंपनीत. अर्धं आयुष्य अमरावती-अकोला रस्त्यावर गेलं. पन्नाशी जवळ आली तशी मी एक लाल, टर्बोवाली सेकंडहँड गाडी घेतली. बायको म्हणाली, “त्यापेक्षा केस काळे केले असते.” टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. काकाजींनी लॅपटॉप जोडून तो पंखा आणखी जोरात फिरवायची सोय केली. “कंपनीनं बांधून ठेवलेलं जनावर हाय हे,” ते म्हणाले. “मी फकस्त दावं ढिलं केलं.” गाडी अशी पळायला लागली की मूर्तिजापूरचा चहा मला पहिल्यापेक्षा लवकर मिळू लागला.

त्यांची काम करायची रीत कोर्टाची होती. गॅरेजच्या मधोमध एक लोखंडी स्टूल असे. ज्या भागावर संशय, तो काढून त्या स्टुलावर ठेवायचा. त्याच्या जागी दुसरा लावायचा, गाडी फिरवायची, खोड गेली नाही तर मूळ भाग परत. एका वेळी एकच आरोपी. दोन भाग एकदम बदलणाऱ्या मेकॅनिकचा त्यांना मनापासून तिटकारा होता. “दोघाले संगच फाशी देल्ली तं चोर कोन होता, हे कोनाले समजन?” असं विचारत, आणि सुटलेल्या भागावरून फडकं फिरवत निकाल देत, “निर्दोष! जाय बा, बस आपल्या जाग्यावर.”

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी माझ्या मुलीला, रेवाला, अकोल्यात नोकरी लागली. तिचं सामान पोचवायला आम्ही निघालो. काकाजींची बहीण अकोल्यात, म्हणून तेही बरोबर. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी उचक्या द्यायला लागली. काकाजींनी बॉनेट उघडलं. टर्बोजवळची करंगळीएवढी एक रबरी नळी फाटली होती. आता इथे ती कुठून मिळणार? पण काकाजी समोरच्या कृषी केंद्रात गेले आणि फवारणीच्या पंपाची प्लास्टिकची नळी कापून घेऊन आले. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, नळी बसवली, तारेने आवळली. “अकोल्यापर्यंत पुरन. मंग बदलू.”

नळी अकोल्यापर्यंत पुरली. परत अमरावतीपर्यंतही पुरली. मग ती बदलायची कशाला? त्या नळीची गोष्ट मी दहा ठिकाणी सांगितली, काकाजींनी पन्नास ठिकाणी. त्यांच्या गोष्टीत हळूहळू अंधार पडला, पाऊस आला, आणि कृषी केंद्रही बंद होऊन त्याच्या मालकाला घरून उठवून आणावं लागलं.

रेवा सोमवारी सकाळी ही लाल गाडी घेऊन अकोल्याला जायची आणि शनिवारी दुपारी परत यायची. हिवाळाभर काही तक्रार नव्हती. उन्हाळा लागला आणि एका शनिवारी ती घरी आली ती खुर्चीत बसूनच राहिली. चहाचा कप हातात धरवेना.

“बाबा, पाय हलवला नव्हता मी,” ती म्हणाली. “समोर कापसाचा ट्रॅक्टर होता. मी आपली मागं मागं चालले होते. गाडीनं एकदम उडीच मारली. रस्त्याच्या खाली घातली म्हणून वाचले.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. “गाडी विका,” ती म्हणाली. केसांचा विषय ह्या वेळी निघाला नाही.

रेवाच म्हणाली, “विकायची तर विका. पण आधी कारण समजू द्या. नाही तर दुसऱ्या कोणाची पोरगी बसेल हिच्यात.”

हे मी काकाजींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, “दावं मी ढिलं केलं होतं नं. पोरीले सांग, मी सांगतो तवरिक गाडीले हात नाई लावाचा.”

खटला सुरू झाला. पहिला आरोपी, अकोल्याचं पेट्रोल. जाताना गाडी शहाणी, येताना पिसाळलेली. मग दुसरं काय असणार? अमरावतीच्या माणसाला हे कारण फार पटतं. पण टाकी रिकामी करून अमरावतीचं पेट्रोल भरलं, शनिवारी मी स्वतः अकोल्याला जाऊन आलो, आणि येताना मूर्तिजापूरजवळ गाडीने मलाही उडी मारून दाखवली. “अकोलेवाले निर्दोष,” काकाजींनी फार जड अंतःकरणाने जाहीर केलं.

मग एकेक भाग स्टुलावर बसून गेला. हवा मोजणारं यंत्र सुटलं. ॲक्सिलरेटरच्या पेडलची रवानगी झाली, तेही सुटलं. त्यांनी आपलं ट्यूनिंगसुद्धा काढून गाडी कंपनीची होती तशी करून पाहिली. उडी लहान झाली, पण गेली नाही. रोज सकाळी काकाजी मागे अनवाणी बसत, मी चालवी, आणि गाडी अशी गरिबासारखी चाले की मलाच खोटं बोलल्यासारखं वाटे. मधल्या वेळात कोणी गिऱ्हाईक आलं की ते ह्याच गाडीला टेकून त्याला फवारणीच्या नळीची गोष्ट सांगत. पराक्रमाकडे कोणी संशयाने पाहत नाही, तुम्हीही पाहिलं नसतं.

शेवटी रेवा स्वतः गॅरेजात आली.

“काकाजी, तुम्ही सकाळीच काहून पाहता? हिला सकाळी काहीच होत नाही. ही दुपारी उसळते.”

“दुपारी?” काकाजींनी घाबरून घड्याळाकडे पाहिलं.

“उन्हातून तासभर चालली की. तुमच्या झोपेच्या टायमाले.”

माणूस मोठा होता, पण तो त्याग त्यांना सोपा गेला नाही. जेवण झाल्यावर, पाखरूही बाहेर नसलेल्या रस्त्यावर, आम्ही निघालो. रेवा शेजारी, काकाजी मागे. तापलेल्या तळावर पाय ठेवून ते हूं की चूं न करता बसले होते. मूर्तिजापूरच्या अलीकडेच गाडीने उडी मारली.

“थांबव. इंजिन गरम हाय तवाच पाहू दे.”

बॉनेट उघडलं, त्यांनी आत हात घातला आणि एक पिवळी पडलेली नळी ओढून काढली. उन्हाने आणि टर्बोच्या आचेने ती शेवयांसारखी मऊ होऊन मधेच दुमडली होती. हवा फार झाली की जास्तीची सोडून दे, हा निरोप एका झडपेला पोचवणं हे तिचं काम. ती दुमडली की निरोप बंद, आणि पंखा हवा कोंबतच राहणार.

“कोन्या गाढवानं लावली हे?” काकाजी कडाडले. “फवारनीच्या पंपाची नळी! टर्बोले! काय कपाशी समजला का बे तो?”

मी रस्त्याकडे पाहू लागलो. रेवाने हळूच म्हटलं, “काकाजी, इथूनच घेतली होती. ते पाहा कृषी केंद्र.”

त्यांनी केंद्राकडे पाहिलं. मग हातातल्या नळीकडे. त्या नळीच्या टोकाला त्यांनीच आवळलेली तार होती.

गॅरेजात परतल्यावर त्यांनी योग्य ती नळी बसवली. जुनी नळी हातात घेतली, स्टुलापाशी गेले, आणि आम्हाला वाटलं की ते ती तिथे ठेवणार. ती त्यांनी खिशात घातली. स्टुलावर स्वतः बसले. तेलकट स्टुलावर, पांढऱ्या शर्टानिशी.

“हा नाई सुटत,” म्हणाले.

कोणी हसलं नाही. रेवा पुढे गेली आणि टेबलावरचं फडकं उचलून तिने त्यांच्या खांद्यावरून फिरवलं. काकाजींनी तिचा हात धरून ठेवला. “ट्रॅक्टर लय जवळ होता का वं माय?” एवढंच विचारलं.

“नाही, दूर होता,” रेवा म्हणाली. चहाचा कप मी पाहिला होता, पण मीही मान डोलावली.

नंतरचे किती तरी शनिवार ते दुपारची झोप सोडून रेल्वेने अकोल्याला जात आणि रेवाबरोबर गाडीने परत येत. मागे, अनवाणी. तिने नको म्हटलं तर म्हणत, “बहिणीले भेटाले गेलतो.” नळीची गोष्ट ते पुढेही सांगत राहिले. फक्त आता तिच्यात अंधार नव्हता, पाऊस नव्हता, आणि शेवटी गाढव कोण ते यायचं.

मागच्या हिवाळ्यात काकाजी गेले. दुपारच्या झोपेतच. गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

परवाच्या शनिवारी मी अकोल्याहून रेवाबरोबर परत येत होतो. ऊन चांगलंच होतं. मूर्तिजापूरला चहा घेतला आणि मी नेहमीसारखा पुढे बसायला गेलो, तर ती म्हणाली, “बाबा, मागं बसा नं आज.”

मागे मॅट नव्हतीच. काकाजींनी गुंडाळून डिकीत टाकली होती ती तिने परत अंथरलेली नाही. मी चपला काढल्या. तळाला पाय टेकवले, चटका बसला, आणि मी डोळे मिटून घेतले.

“चाल,” म्हणालो.