तांब्याभर पाण्याचा उतार

…तर चिंधू हिरवळीवर अनवाणी उभा, हातात पाण्याचा तांब्या, आणि घोषाल साहेब त्याला विचारत होते की बाबा, तू गवताला पाणी घालतोस की जमिनीला पाजतोस? इथवर आलो होतो आपण काल, आणि लाइट गेली. आज दोघं-तिघं नवीन येऊन बसलीत, त्यांच्यासाठी थोडं मागं जावं लागेल. जुन्यांनी कुरकुर करू नये. चिंधूची गोष्ट मी पन्नासदा तरी सांगितली असेल, पण दरवेळी मलाच जास्त मजा येते, त्याला माझा इलाज नाही.

चिंधू आमच्याच भंडारा जिल्ह्यातला, साकोलीकडचा. धानाचा शेतकरी. सत्तावन्न साली आम्ही एकाच गाडीनं दुर्गला उतरलो आणि कुरुदच्या अंगाला तट्ट्याच्या झोपड्यांत शेजारी-शेजारी राहिलो. मी गावच्या शाळेत चौथी पास, म्हणून मला मस्टरवर हजेरी लिहायला बसवलं. चिंधूच्या हाती फावडं आलं. ज्या पोलादाच्या कारखान्यासाठी आलो, तो तेव्हा कारखाना नव्हताच. लाल माती, हत्ती मावतील असे खड्डे, लोखंडाचे सांगाडे आणि भर उन्हात डोक्याला रुमाल बांधून नकाशे बघणारे रशियन. त्या हजारो माणसांत एका जागी न टिकणारा माणूस मी एकच पाहिला, तो चिंधू. जेवायचा तोही उकिडवा, एका पायावर भार देऊन. बोलता बोलता उठायचा, कुठलासा दगड उचलून चार हात पलीकडे ठेवायचा आणि परत येऊन विचारायचा, मी काय सांगत होतो? त्याची बायको रुक्मा म्हणायची की ह्यांना देवानं बसायचं हाडच दिलं नाही.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात घोषाल साहेबांना गोल्फची आठवण झाली. हे मातीकामाचे मोठे अधिकारी. बंगालकडच्या कुठल्याशा कारखान्यातून आले होते, तिथं म्हणे दर रविवारी खेळायचे. इथं मैलभर मैदान कोण देणार? म्हणून साहेब लोकांच्या क्लबामागं चाळीस पावलं लांब आणि तीस पावलं रुंद एवढीच जागा घेतली. मधे एक भोक, भोकात पत्र्याचा डबा, डब्यात झेंडी. लांबून झोडायचा खेळ नाहीच. जवळ उभं राहायचं आणि काठीनं चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा. आमचे मुकादम गुलाबराव साहेबांना म्हणाले, जमीन सपाट करायची तर चिंधूसारखा माणूस पाच कोसांत नाही.

ते खोटं नव्हतं. धानाच्या शेताला आम्ही बांधी म्हणतो. रोवणीआधी तिच्यात पाणी अडवायचं. कुठं उंचवटा राहिला तर तिथलं रोप सुकतं, कुठं खोलगट राहिलं तर तिथलं बुडतं. म्हणून जन्मभर माणूस उतार मारत बसतो. चिंधूनं इथंही तेच केलं. चहूबाजूंनी मातीचा बांध घातला, टँकरचं पाणी सोडलं आणि पाण्याबाहेर जे जे डोकं वर काढील ते ते खरवडून काढलं. असं तीनदा. मग दूब गवत लावलं. होळीपर्यंत अशी गादी झाली की मुंगी चालली तर लांबून दिसावी.

साहेब लोक आले, खूश झाले. तीन रविवार गर्दी. चौथ्या रविवारी दोघंच आले. पाचव्या रविवारी झेंडी एकटी.

कारण काय, तर कुठूनही मारा, चेंडू सरळ जायचा. नाकासमोर पाहिलं आणि ढकललं की आत. घोषाल साहेब चिंधूला म्हणाले, ये तो टेबल है. चिंधूला वाटलं शाबासकी मिळाली. मीच त्याला बाजूला नेऊन सांगितलं की बाबा, ही तक्रार आहे. त्याला काही केल्या ते पटेना. जमीन फार सपाट झाली म्हणून कुणी नाराज होतं, हे त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आणि नाराजी परवडणारी नव्हती. एकोणसाठच्या सुरुवातीला पहिली भट्टी पेटली, तसं मातीकाम आटत चाललं. दर महिन्याला मस्टरवरची नावं कमी होऊ लागली. ती मीच कापायचो, मुकादम सांगतील तशी. गुलाबरावांनी चिंधूला साफ सांगितलं: या मैदानाला एक कायमचा माळी मिळणार आहे, पण मैदान चाललं तर. साहेब खेळायला आलेच नाहीत तर मैदान बंद, आणि तू गाठोडं घेऊन दुर्ग स्टेशनावर. गावी दोन एकरांवर चार भाऊ होते. निघताना मोठ्या भावानं सांगितलं होतं की तुझं ताट आता इथं वाढायचं नाही. तेव्हा परतायला घरच नव्हतं. ती एक माळ्याची जागा, तेवढंच काय ते होतं.

घोषाल साहेबांनी सांगितलं, थोडे चढ-उतार दे. चिंधूनं दिले. पण ज्यानं जन्मभर उतार मारले त्याला 'थोडे' म्हणजे किती हे कुठून ठाऊक? त्यानं दोन टेकाडं उभी केली. वरून ढकललेला चेंडू भोकाशेजारून असा सुटायचा की थेट कुंपणापलीकडच्या बेशरमच्या झुडपात. एका साहेबानं तर सात वेळा मारून काठीच झुडपात फेकली. ती शोधायला चिंधूच गेला.

त्यानंतर तो जो अस्वस्थ झाला, काय सांगू. आधीच पायाला भिंगरी, त्यात ही काळजी. चूळ भरता भरता थांबायचा, पाणी कुठं वाहतं ते बघत राहायचा. झोपडीपुढच्या अंगणात त्यानं हिरवळीचा नमुना करून पाहिला, माती उकरली, थापली, परत उकरली. दुसऱ्या दिवशी रुक्मानं रांजणापाशी भांडी विसळली आणि ते सगळं पाणी वळण घेऊन सरळ घरात शिरलं. ती बाहेर आली. मी दारातच होतो, शब्द न् शब्द ऐकला.

"काय करून राहिले तुमी? साहेबाच्या गेंदीसाठी माह्या चुलीत पाणी आणता?"

चिंधू उत्तर द्यायचं सोडून उकिडवा बसला आणि विचारता झाला, "कोणत्या बाजूनं वळलं वो? हळू वळलं का जोरात?"

रुक्मानं माझ्याकडे पाहून हात जोडले. पण चिंधूला तिथंच सापडलं. पाणी जिथं जातं तिथंच चेंडू जातो. आणि पाण्याला तर तो लहानपणापासून ओळखत होता.

दुसरं जे त्याला सापडलं ते मला जास्त आवडतं. तो कुंपणाशी गवत खुरपत बसायचा आणि जमीन नाही, साहेबांची तोंडं बघायचा. मला म्हणाला, देवाजी, सरळ आत गेला की साहेब चेंडू उचलतो आन् मागं वळूनही पाहत नाही. लांब पळाला की जमिनीला शिव्या देतो. पण चेंडू वळत वळत आला, भोकाच्या काठाला लागला आन् थांबला, की तो स्वतःलेच शिव्या देतो आन् परत येऊन उभा राहतो. आपल्याले हे तिसरं पाहिजे.

मग सुरू झालं तांब्याचं काम. टेकाडं काढली. आता रोज सकाळी दव वाळलं की चिंधू अनवाणी हिरवळीवर. तळपायानं चाचपायचा, तांब्याभर पाणी ओतायचा आणि बघायचा. पाणी पळालं तर उतार जास्त. जागीच मुरलं तर कमी. त्याचं म्हणणं असं की पाण्यानं आधी थोडा विचार केला पाहिजे, मग निघालं पाहिजे. घोषाल साहेबांनी जमिनीला पाजतोस का म्हणून विचारलं ते याच वेळी. चिंधू 'होय' म्हणाला आणि कामाला लागला. पूर्वेची बाजू त्यानं अकरा वेळा उकरली. मी मोजली आहे. दहाव्या वेळी जमलं आहे असं सगळे म्हणत होते, त्याला एकट्याला चैन नव्हतं.

साठच्या थंडीत पाहावं तर रविवारी क्लबात पत्ते कुटायला माणूस मिळेना. सगळे मागं हिरवळीवर. हिशेबखात्यातले एक म्हातारे साहेब तर अंधार पडेपर्यंत एकाच जागेवरून मारत, चुकले की कपाळावर हात मारून घेत आणि पुन्हा वाकत. एक रशियन रोज नुसता बघायला यायचा, चेंडू वळला की डोकंही तिकडं वळवायचा. भोकाच्या पश्चिमेला चिंधूनं एक पसरट लवण ठेवलं होतं, परातीसारखं खोलगट. कशासाठी, तर पावसाचं पाणी काढायला. तिकडं चेंडू गेला तर तो तळाशीच येऊन थांबायचा, म्हणून तिथं कुणी खेळत नसे. ते लवण लक्षात ठेवा.

माळ्याच्या जागेचा कागद सही होऊन यायचा तेवढा राहिला होता, आणि दिल्लीचे मोठे साहेब कारखाना बघायला आले. कागदावर सही त्यांच्यासोबत आलेल्यांचीच व्हायची होती, असं गुलाबराव सांगत. शनिवारी संध्याकाळी मोठे साहेब काठी घेऊन उतरले. एकही चेंडू आत जाईना. वळायचा, काठाला लागायचा, थांबायचा. ते नुसते ओठातल्या ओठात पुटपुटत होते आणि परत मारत होते. दिवा आणा म्हणाले. घोषाल साहेबांना घाम फुटला. पाहुणा रागावला असं त्यांनी धरलं.

त्यांनी गुलाबरावांना बोलावलं, गुलाबरावांनी चिंधूला. उद्या सकाळी साहेब पुन्हा खेळणार आहेत, प्रत्येक चेंडू आत गेला पाहिजे. कसं करायचं ते तू बघ, फळी फिरव, सपाट कर. "तुह्या जाग्याचा सवाल हाये, चिंधू. उद्या शहाणपणा करू नको," एवढंच गुलाबराव म्हणाले, आणि ते त्याच्या भल्यासाठीच म्हणत होते.

रविवारी फटफटलं तेव्हा मी हजेरीला निघालो तर चिंधू हिरवळीच्या काठानं फेऱ्या मारतोय. जायचा, वळायचा, यायचा. फळी गवतात तशीच पडलेली. मी म्हटलं, कावून गा, हात लावला नाही? तो म्हणाला, अकरा वेळा उकरलं देवाजी, बारावी वेळ नाही होणार माझ्यानं. मग एकदम थांबला. भोकातला डबा काढला, जुनं भोक मातीनं आणि दुबीच्या चकतीनं बुजवलं आणि नवं भोक पाडलं लवणाच्या तळाशी. झेंडी तिथं. आता चेंडू कसाही मारा, तो परातीच्या काठावरून घरंगळत भोकातच.

आठ वाजता मोठे साहेब आले. पहिला चेंडू आत. घोषाल साहेबांनी टाळी वाजवली. दुसरा आत, तिसरा आत. साहेब हसले. पाचव्याला हसले नाहीत. सातवा त्यांनी मुद्दाम वाकडा मारला, तोही गोल फिरून आत पडला. आठवा उचलताना त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही, घड्याळ पाहिलं.

मी कुंपणाशी उभा होतो. चिंधूच्या पायाचा अंगठा माती उकरायला लागला. हा माणूस आता गप्प राहणार नाही, हे मला त्या अंगठ्यावरून कळलं.

मोठ्या साहेबांनी काठी कुणाच्या तरी हातात दिली आणि विचारलं की हे मैदान कोण सांभाळतं. घोषाल साहेबांनी अभिमानानं चिंधूला पुढं केलं आणि त्याच्याकडे असे डोळे वटारले की बाबा, नीट बोल. गुलाबराव मागून खोकले. साहेबांनी चिंधूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रात भर में मेरा निशाना इतना अच्छा कैसे हो गया?"

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, आप बढिया खेलते हो, एवढंच. ते त्याला मी भल्या सकाळी पढवूनही ठेवलं होतं. पण घाबरला की चिंधूची हिंदी पळून जायची. आज साठ वर्षं उलटली, जुनी माणसं अजून त्या जागेला चिंधूची बांधी म्हणतात, आणि कुणी कावून म्हणून विचारलं की मी त्याचं ते उत्तर जसंच्या तसं सांगतो, एक अक्षर इकडचं तिकडं करत नाही. तांब्या घट्ट धरून तो म्हणाला:

"साहेब, निशाना कालचाच हाये तुमचा. भोकच मी लवणात नेऊन ठेवलं, तुमाले खूश कराले. तासभर थांबा, वापस जाग्यावर नेतो, मंग खेळून पाहा."