बाजूला कोण बसतं?

डॉ. शालिनीताईंची आणि माझी पहिली भेट सोनगीरच्या उपकेंद्रात झाली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नवीकोरी आरोग्यसेविका, आणि त्या धुळ्याहून एस.टी.ने आलेल्या. त्यांनी पिशवीतून शिंप्याची टेप काढली आणि जमलेल्या बायकांच्या कमरा मोजायला सुरुवात केली. "डॉक्टरीणबाई, पोलकं शिवी देशात का?" एकीने विचारलं. सर्वांत मोठ्याने ताईच हसल्या.

सुटलेलं अंग म्हणजे खात्यापित्या घरची खूण, अशी तेव्हाची समजूत. वाढत्या वजनाने गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे ताई सांगत तेव्हा बायका पदराआड हसत. ताई मात्र हट्टी. "खात्यापित्या घरच्या आहात, आता चालत्याफिरत्या घरच्या व्हा," असं म्हणून त्या सर्वांना गावच्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चालवत नेत. पण कुणी जाड बाईला हिणवलं, तर त्यांच्याइतकं वाईट कुणी नव्हतं. मी एकदा हिणवलं होतं, म्हणून मला ठाऊक.

पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं तर लगेच दाखवा, हेही आम्ही घरोघर सांगायचो आणि तसं कुणाला होतं का, विचारायचो. उत्तर ठरलेलं असे, "नही बाई, तसं काही नही."

एका दुपारी ताई आमच्या घरी चहाला आल्या. आई मागच्या दाराशी वेगळ्या गोधडीवर बसली होती. "आई आज बाजूला बसलीय," मी सहज सांगितलं आणि चहा गाळू लागले.

ताईंनी विचारलं, "वय काय त्यांचं?"

"साठीला आलीय."

"मग बाजूला कशी?"

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. गावभर सांगत फिरणारी मी, आईला एकदाही विचारलं नव्हतं. तिची कंबरही कधी मोजली नव्हती. लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त.

आई मात्र खुशीत होती. "देवनी दया शे, परत तरणी व्हयनू मी!" ताई जवळ जाऊ लागल्या तशी ती ओरडली, "माले शिवू नका, बाई!" ताई सरळ तिच्या गोधडीवर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "घ्या, आता मीही बाटले. उद्या दोघी मिळून धुळ्याला जाऊ."

कॅन्सरच निघाला, पण वेळेत. ऑपरेशन झालं. मी रडत माफी मागितली, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "आपला प्रश्नच चुकत होता." शिवाशिवीशी त्या जन्मभर भांडत आल्या आहेत, पण त्या दिवसापासून आम्हां सेविकांना त्यांनी नवा प्रश्न दिला, "तुमच्या घरात बाजूला कोण कोण बसतं?" याचं उत्तर बायका बिनदिक्कत देत. एखाद्या आजीचं नाव आलं की आम्ही सावध होत असू. असे कितीतरी आजार आम्हाला वेळेत सापडले.

आज ताईंची एकसष्टी. पाय कुरकुरतात, तरी गावोगाव फिरणं सुटलेलं नाही. त्यांना निरोगी, चालतंफिरतं, भरपूर आयुष्य लाभो आणि त्यांचा हट्ट असाच टिकून राहो. आमच्या कितीतरी घरांचा त्यावर हक्क आहे.

सत्काराला आई येणार आहे. ऐंशी कधीच ओलांडली, तरी आजही ती रोज किल्ल्यापर्यंत चालते. मंडपात कुठे बसणार, हे तिने मला आधीच बजावलं आहे, "मी बाईसना बाजूले बससू."