आईनंच काढायचा दात

माझ्या लेकीचा पहिला दात हलायला लागला तेव्हा ती मोशीला आजी-आजोबांकडे होती आणि मी काळेवाडीत, माझ्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत. साथ जोरात होती. बाकीचे डॉक्टर रुग्णापासून हातभर लांब उभे राहू शकत होते. दातांच्या डॉक्टरला ती सोय नाही. समोरच्यानं आ केल्याशिवाय आमचं काम सुरूच होत नाही, आणि एकदा मशीन फिरायला लागलं की त्याच्या तोंडातलं पाणी माझ्या तोंडासमोर उडत राहतं. दवाखाना बंद ठेवावा म्हटलं, तर माणसं सुजलेले गाल घेऊन जिन्यात येऊन बसायची. दाढदुखीला लॉकडाऊनचं काय कौतुक! सासऱ्यांना जुना दमा, म्हणून आम्ही दोघांनी त्या घरापासून लांब राहायचं ठरवलं. नवरा चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून माझ्याकडेच यायचा. रविवारी आम्ही मोशीच्या फाटकाबाहेर उभं राहून लेकीला बघून यायचो.

दाताची बातमी सासूबाईंनी फोनवर दिली. "खालचा, पुढचा हाय. कुणाला बोट लावू द्यायला तयार न्हाई बघ. आईच काढंल म्हंती." मी म्हणाले, दुधाचा दात आहे, आपोआप पडेल, जिभेनं ढकलत राहा म्हणावं तिला. येणाऱ्या प्रत्येक आईला मी हेच सांगते. पण पोर माझीच, हट्टात कमी कशी पडेल? मी येईपर्यंत दात पडू नये म्हणून ती एका बाजूनं खायला लागली. पेरू नको, चिक्की नको, भाकरी दुधात भिजवूनच हवी. झोपेत पडून जाईल या भीतीनं ओठ आवळून झोपते, असं सासूबाई म्हणाल्या. ते ऐकून मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून रडले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप लावलं. अगदी अडलेले रुग्ण चिखलीच्या एका मैत्रिणीकडे वळवले. नवरा कंपनीतल्या मित्राच्या खोलीवर राहायला गेला. थोडे दिवस खोलीत एकटीनं कोंडून घ्यायचं, मग तपासणी करायची, आणि ती चांगली आली तर सरळ मोशी गाठायची, असं ठरवलं. तेवढे दिवस दात धरून राहील का, हे मात्र मला, दातांच्या डॉक्टरलाही, सांगता येत नव्हतं.

नाकात काडी घालून घेणं मला जमत नाही. नाकाचं हाड वाकडं आहे. आधीच्या वेळी इतकं रक्त आलं होतं की काडी घालणारा मुलगाच घाबरला. चिंचवडच्या एका लॅबमध्ये नुसत्या लाळेवर तपासणी करायला लागले होते, तिथं गेले. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, एवढाच नियम. खिडकीतल्या मुलीनं प्लास्टिकची नळी हातात दिली आणि रेषेपर्यंत भरायला सांगितली. फेस नको, लाळच हवी, असंही बजावलं.

मला हसूच आलं. लाळ म्हणजे माझी जन्माची वैरीण. दातात सिमेंट भरायचं तर दात कोरडा लागतो. त्यासाठी मी गालात कापसाच्या वळ्या कोंबते, ओठाच्या कडेला लाळ ओढणारी नळी अडकवते, आणि तरीही ऐन वेळी कुठून तरी झरा फुटतोच. आणि आता आडोशाला उभी राहिले, तर माझंच तोंड ठणठणीत कोरडं. लाळेच्या ग्रंथी कुठं असतात ते मला माहीत, म्हणून कानापुढचा गाल चोळला. चिंच आठवून बघितली, तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड आठवून बघितली. ढिम्म काही नाही. मुलीनं खिडकीतून विचारलं, झालं का मॅडम? रिपोर्ट चांगला आला नाही तर, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. भीतीनं तोंड सुकतं हे पुस्तकात वाचलं होतं, ते खरं निघालं.

मग लेक डोळ्यांपुढे आली. ती तो दात कसा हलवत असेल, जिभेच्या टोकानं जरासा पुढं, जरासा मागं, पडणार नाही इतपतच. नकळत माझी जीभ माझ्याच पुढच्या दाताला तशी ढकलायला लागली. बघता बघता तोंड भरून आलं. नळी रेषेच्याही वर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर रिपोर्ट आला, निगेटिव्ह. मी होते तशीच स्कूटर काढली.

लेक दारात उभी होती, पण धावत आली नाही. उंबऱ्याच्या आतच थांबून तिनं विचारलं, "आता जवळ यायचं का?" मी हो म्हटलं तरी तिनं आजीकडे बघून खात्री करून घेतली. मग मात्र अशी चिकटली की सासूबाईंनी केलेला चहा मला एका हातानं प्यावा लागला.

चहा झाल्यावर हात साबणानं धुतले आणि तिला ओट्यावर उजेडात बसवलं. दाताला नुसती बोटं लागली आणि तो हातात आला. तिनं सांभाळला होता म्हणूनच राहिला होता तो. हिरडीतून थोडं रक्त आलं. थुंक, मी म्हणाले, दवाखान्यात दिवसभर म्हणते तसं, आणि अंगणाकडे बोट केलं.

ती थुंकेना. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले. मला वाटलं दुखतंय. पुन्हा सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली, पलीकडे खाटेवर बसलेल्या आजोबांकडे बोट दाखवलं आणि ओट्यावरून उतरून आत निघाली.

"मोरीत चालली," सासूबाई म्हणाल्या. "दात घासल्यावर बी दार लावून घेती. वरनं तांब्याभर पाणी वतती. आजोबांना हुईल म्हंती."

कुठंही थुंकू नको, तोंडाला हात लावू नको. कुणालाही फोन लावला की आधी तेच ऐकू यायचं, टीव्हीवर तेच, आणि रोज संध्याकाळी बोलणं संपवताना मीही तेच सांगायचे. एवढंसं पोर घरभर स्वतःच्या तोंडाला भीत वावरत होतं. खाटेवरून सासरे म्हणाले, थुक गं बाळा, मला काय होत न्हाई. पण ती त्यांचंही ऐकेना.

मी तिचा दंड धरून तिला थांबवलं. खाली बसले आणि माझा उघडा तळवा तिच्या हनुवटीखाली धरला.

"इथं थुंक."

तिनं माझ्याकडे बोट केलं. तुला होईल, असं.

"होऊ दे," मी म्हणाले.

मग पुढं वाकून तिनं तोंडातलं सगळं माझ्या हातावर सोडलं, रक्त आणि लाळ, आणि भोकाड पसरून रडायला लागली.