गाळलेला नववा धडा

हौसा भाषेचं ते वाचनपुस्तक लहान मुलांसाठी होतं. ठसठशीत अक्षरं, पानोपानी चित्रं आणि रोमन लिपीतली तीन-तीन शब्दांची वाक्यं. ‘वन्नन गिदा ने’, म्हणजे हे घर आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, बहारीनमध्ये सित्राच्या एका ठेकेदार कंपनीत स्टोअरकीपर असताना, मी तेहेतीस वर्षांचा पुरुष ते ओळीखाली बोट ठेवून वाचत असे.

त्यामागे ज्ञानलालसा नव्हती. कंपनीला उत्तर नायजेरियात, कानो शहरात काम मिळालं होतं. तिथे जाणाऱ्या स्टोअरकीपरला कुटुंबासह राहण्याची जागा मिळणार होती. बहारीनमध्ये माझा व्हिसा एकट्याचा होता. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी चिपळूणला होत्या. स्थानिक भाषा थोडीफार जाणणाऱ्याला कानोसाठी प्राधान्य मिळेल, असं साहेबांनी सूचित केलं आणि मी गुरू शोधला.

गुरू कंपनीच्या यार्डातच होते. हत्यारांच्या खोलीवरचे साठीचे गृहस्थ, कानोजवळच्या एका खेड्यातले. हजला आले आणि काम करत करत इथवर पोहोचले. मी त्यांना ‘मालम’ म्हणे. त्यांच्याकडे गुरुजींना तसंच म्हणतात. ते मला ‘सादिक’, म्हणजे मित्र म्हणत. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शेडच्या सावलीतल्या बाकावर आमची शाळा भरे. मोडकी अरबी आणि तितकीच मोडकी इंग्रजी ही आमची माध्यमं.

शहरात गुदैबिया भागातल्या आमच्या खोलीत माझा देवगडचा ड्रायव्हर सोबती पुस्तक पाहून म्हणे, “काय पंडित, आज उंट की गाढव? चित्रं रंगवून झाली काय?” मी हसून सोडून देई. माझी प्रगती खरोखरच वेगाने होत होती, कारण मी निवडून शिकत होतो. बाजार, प्रवास, आकडे, हवामान. नववा धडा घरातल्या माणसांचा होता. मालम त्या पानावर हात ठेवून म्हणाले, “सादिक, हा वाच.”

“मालम, आधी बाजार. मुलाखतीत घरातलं कोण विचारणार?”

“इंशाल्ला, मग नंतर,” ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

त्याच यार्डात त्यांच्याच गावचा एक वेल्डर होता, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. तो आपण मालमांचा मुलगा असल्याचं सांगे. मला ते खरं वाटत नसे. मालम त्याच्याबरोबर जेवत नसत. तो आला की मान वळवत. त्याला बोलवायचं झालं तर दुसऱ्या कुणाला सांगत, “त्या वेल्डरला हाक मार.” त्याचं नाव मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

त्या हिवाळ्यात एक मोठं काम संपलं आणि माणसं परत पाठवण्याची यादी निघाली. वेल्डरांपैकी निम्मे जाणार होते. मात्र बाप-लेक एकत्र असतील तर ताटातूट करू नये, असं ठरलं होतं. ही सवलत कळताच यार्डात जिकडेतिकडे नाती उगवली. साहेब पुण्याचे इंजिनिअर होते. ते वैतागून म्हणाले, “कालपर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारे आज बाप-लेक झालेत!”

बुधवारी त्यांनी मालमांना आणि त्या वेल्डरला केबिनमध्ये बोलावलं. दोघांच्या पासपोर्टवरची आडनावं जुळत नव्हती. दुभाषा म्हणून मी होतो. वेल्डर म्हणाला, “हे माझे वडील.” साहेबांच्या सांगण्यावरून मी मालमांना विचारलं, हा तुमचा मुलगा का? मालमांनी मान खाली घातली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी चेहरा भिंतीकडे फिरवला. वेल्डर त्यांच्याकडे पाहतही नव्हता.

दोघे बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, “तुम्ही रोज त्यांच्यात बसता. तुमचं मत काय?”

“वाटत नाही, साहेब. ते त्याचं नावसुद्धा घेत नाहीत. जवळ बसवत नाहीत.”

“अहो, मग झालं तर!” त्यांनी वेल्डरच्या नावापुढे परत पाठवण्याची खूण केली. “तुमचा त्या लोकांचा अभ्यास चांगला झालाय. शनिवारी सकाळी मुलाखतीला या.”

गुरुवारी अर्धा दिवस होता. दुपारी खोलीवर मुलाखतीची उजळणी करताना उरलेलं वाचून टाकावं म्हणून मी नववा धडा उघडला. वाक्यं सोपी होती. आई पहिल्या मुलाला नावाने हाक मारत नाही. बापही मारत नाही. चारचौघांत पहिल्या मुलाचं कौतुक करणाऱ्याला लोक हसतात. त्या संकोचाला कुन्या म्हणतात. आडनाव म्हणून कुणी बापाचं नाव लावतो, कुणी गावाचं. चित्रात एक मुलगा होता आणि त्याच्याकडे पाठ करून बसलेला बाप.

मी ते तीनदा वाचलं. माझ्या आईने जन्मात कधी वडिलांचं नाव उच्चारलं नव्हतं, आणि म्हणून ती त्यांची कोणी नव्हे असं आमच्या गावात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. हे कळायला मला धड्याची गरज पडायला नको होती.

वेल्डरचं विमान शुक्रवारी संध्याकाळी होतं. साहेब सनाबिसला राहत. टॅक्सीने वीस मिनिटं. मी बूट चढवले, जिन्यापर्यंत गेलो आणि थांबलो. ज्या अभ्यासावर साहेब खूष होते, तोच खोटा होता असं मी आता सांगणार होतो. मुलाखत दोन दिवसांवर होती. शनिवारी, मुलाखतीनंतर सांगेन, तेव्हा काहीतरी मार्ग निघेलच, असं मी स्वतःला पटवलं. मार्ग निघणार नाही हे मला ठाऊक होतं. मी बूट काढले.

शुक्रवारी दुपारी मात्र खोलीवर बसवेना. सित्राच्या कॅम्पपाशी कंपनीची बस उभी होती, इंजिन सुरू होतं. मालम फाटकाच्या आतच थांबले होते. मला पाहताच त्यांनी कापडात बांधलेलं एक गाठोडं माझ्या हाती दिलं. “बसमध्ये दे.” कुणाला ते सांगितलं नाही. मी ते वेल्डरला नेऊन दिलं.

“ते काही म्हणाले?” त्याने विचारलं.

“नाही.”

“कसे म्हणतील?” तो हसला. गाठोडं त्याने मांडीवर घेतलं. बसचा ड्रायव्हर ओरडला, “यल्ला, चला!” अजूनही साहेबांना फोन करता आला असता. कॅम्पच्या ऑफिसात फोन होता, मला तो दिसत होता. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी उभा राहिलो. मागे पाहिलं तेव्हा मालम फाटकाकडे पाठ करून उभे होते.

शनिवारी मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला माझा धीर सुटला आणि मी सगळं सांगितलं. साहेबांनी यादी पुढ्यात ओढली. मग म्हणाले, “व्हिसा रद्द झाला, खलास. आता मला सांगून काय उपयोग?” कानोला दुसराच गेला. माझी संधी हुकली, पण याला मी माझं प्रायश्चित्त म्हणू शकत नाही. मी नकार दिला नव्हता, मला विचारलंच गेलं नाही.

दुपारी बाकावर मालमांनाही सांगितलं. माझी हौसा त्याला पुरली नाही, अरबी वापरावी लागली. त्यांनी मधे अडवलं नाही. माझं बोलणं संपल्यावर एवढंच विचारलं, “तुला कोणत्या दिवशी कळलं?”

शनिवार म्हणालो असतो तर त्यांना पडताळता आलं नसतं.

“गुरुवारी,” मी म्हणालो.

ते उठले. पुढची दोन वर्षं आम्ही एकाच यार्डात काम केलं. हत्यारं लागली की मी खिडकीशी जाई आणि ते मोजून देत. त्या दोन वर्षांत त्यांनी मला पुन्हा सादिक म्हटलं नाही.