साध्या पाण्याचा उजेड

रिद्धी तामोरेला खोड एकच, प्रश्न विचारायची. दांडीच्या किनाऱ्यावर वाढलेली ही मुलगी बोईसरला एका छोट्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागली, तेव्हा मासळी विकणाऱ्या तिच्या आईने, गोदूबाईने, विचारलं, "काय करते गो तू तिकडं?"

रिद्धी सांगत बसली. कार्बनच्या नळ्या असतात, केसाहून हजारो पटींनी बारीक. त्यांच्यावर प्रकाश टाकला की त्या स्वतः उजळतात, पण तो उजेड कॅमेऱ्यालाच दिसतो, डोळ्यांना नाही. त्या नळीला प्रथिन जोडायचं. शिळ्या मासळीतलं विष त्या प्रथिनाच्या तावडीत सापडलं, की उजेड वाढतो.

"दिसत नाय तो उजेड कसला?" म्हणत गोदूबाई टोपली उचलून बाजाराला गेली.

जोडणं मोठं नाजूक. रसायनाने घट्ट डकवलं तर नळी विझते, नुसतं लपेटलं तर प्रथिन निसटतं. बरीच मिश्रणं वाया गेल्यावर रिद्धीच्या हातचं एक जमलं. शिळ्या बांगड्याचा अर्क घातला आणि पडद्यावरची उजेड मोजणारी रेघ सरसर चढली. प्रयोगशाळेच्या प्रमुख हिना मॅडम म्हणाल्या, "शोधनिबंधात तुझंही नाव घालू." तामोऱ्यांचं नाव आजवर छापलं गेलं ते मतदार यादीत नाहीतर लग्नपत्रिकेत. रिद्धी हरखून गेली.

पण खोड जाते कुठे? अर्काऐवजी साधं पाणी घालून दुसऱ्या दिवशी बघायचं ठरलं होतं, तेही रिद्धीनेच. हिला धीर निघेना. सगळे चहाला गेले आणि हिने काचेच्या बाटलीतल्या मिश्रणात पाणी घातलं. पाण्यात विष नसूनही रेघ तश्शीच चढली.

गप्प राहिली असती तर निदान इतक्यात तरी कुणाला पत्ता लागला नसता, आणि नाव छापून आलं असतं. पण पाणी का उजळलं, हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. ती हिना मॅडमना बोलावून घेऊन आली.

मॅडमचा चेहरा पडला. मग त्यांनी नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या कुपीत तेच करून पाहिलं. रेघ हलली नाही.

"काचेच्या बाटल्या कोण धुतं?"

"मीच. साबणाने, दोनदा."

"मग बाटलीत राहिलेला साबणच प्रथिनाला ढकलून नळीला बिलगतो. त्यानेच ती जास्त उजळते. पण दोनदा का?" मॅडमच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

रिद्धीची मान खाली गेली. "शाळेत पोरी माझ्या बाकावर बसायच्या नाहीत. मासळीचा वास येतो म्हणायच्या. तेव्हापासून हाताला लागेल ते दोनदा धुते मी."

मॅडमनी आणखी एक कोरी कुपी काढली, अर्काची बाटली उघडून तिच्या हातात दिली आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या. शिळ्या बांगड्याचा उग्र दर्प खोलीभर पसरला. रिद्धीने थेंब सोडला. रेघ बोटभरच चढली, पण चढली. पाण्याची रेघ मघाशी हललीही नव्हती.

रिद्धीला रडू आलं. त्या वासाची तिला पहिल्यांदाच लाज वाटली नाही.