घोडदेव पहाडीवरची धुरपता

सालेकशाच्या पूर्वेला घोडदेव पहाडीच्या ऐन टोकावर चुना फासलेला एक दगड होता. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे छत्तीसगड. नवरा वारल्यावर त्याच्याच जागी धुरपता जंगलखात्यात रोजंदारीवर लागली. उन्हाळाभर टोकावर बसायचं आणि धूर दिसला की वणव्याचा इशारा द्यायला झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा बडवायचा. सहा वर्षं तिने हे एकटीने केलं.

२००९च्या मार्चमध्ये एका सकाळी तिला दगडाजवळ तीन धोंड्यांची चूल दिसली. राख गरम होती. दोन दिवसांनी रूळ गायब झाला. दोर सरळ कापलेला. तिसऱ्या दिवशी हिरव्या शर्टाचा एक माणूस समोर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, कल से ऊपर मत आना."

तिने सांगितलं ते वनरक्षक देवानंदने ऐकून घेतलं. "घरीच राय. कोनाले सांगू नोको."

त्याच आठवड्यात नक्षलवाद्यांच्या शोधात पोलीस आले. "वर कोण भेटतं?" साहेबाने विचारलं.

"वांदरं," धुरपता म्हणाली. कोणी हसलं नाही.

मग एका दुपारी अंगणातून तिला टोकामागे धूर दिसला. वारा गावाकडे होता, आणि अलीकडच्या उतारावर अकरा बाया मोहफुलं वेचत होत्या. त्यांत तिची नणंद रुख्मा होती. धुरपताने घरातली पितळी परात उचलली.

शेजारचा बकाराम आडवा आला. "वर कायले जाऊन राहिली? मारतीन तुले."

"मंग त्या बायायले कोन सांगंल?"

टोकावर पोचून तिने दगडाने परात बडवली, चेपेपर्यंत बडवली. खाली बाया टोपल्या टाकून नाल्याकडे पळाल्या. ती वळली, तर मागे तोच माणूस, खांद्याला बंदूक. तो आगीकडे पाहत होता.

"हो गया? अब उतरो."

ती उतरली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

अकराही बाया घरी आल्या. धुरपताकडे मात्र रुख्माशिवाय कोणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी दाराला कागद चिकटलेला होता. देवानंदने तो वाचला: तिचं नाव आणि खाली 'पुलिस की मुखबिर', म्हणजे पोलिसांची खबरी. कागद घडी करून त्याने खिशात घातला. "आजच निंग."

दुपारच्या एसटीने ती दवनीवाड्याला भावाकडे गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या जागी बकाराम लागला. मे महिन्यात रुख्माचा फोन आला: सकाळी वर गेलेला बकाराम तीन दिवस झाले तरी खाली आला नव्हता, आणि त्याला शोधायला जायला कोणी तयार नव्हतं. धुरपताने फोन भावाच्या हातात दिला, विळा घेतला आणि उन्हाळी धान कापायला बांधीत उतरली. अंधार पडेपर्यंत ती कापत राहिली.